‘त्या दोन मुलांना मागं उभं करू का?’

यवतमाळ जिल्ह्यात घाटंजीकडच्या एका द्विशिक्षकी शाळेतल्या ताईंनी विचारलं आहे. पहिली ते चौथी मिळून पट ३१. ताईंना स्वतःला गाणं येत नाही, त्या कधी शिकलेल्याही नाहीत. शाळेत एक जुनी पेटी आहे, तिचे तीन सूर मुके आहेत. परिपाठात मुलं बेंबीच्या देठापासून ओरडतात, पण एका सुरात येत नाहीत. त्यातली दोन तर ‘पूर्ण बेसूर’. २६ जानेवारीला समूहगीत बसवायचं आहे, तेव्हा या दोघांना मागच्या रांगेत उभं करून नुसते ओठ हलवायला सांगावं का? आणि एरवी संगीत शिकवायचं तर सुरुवात कुठून करावी?

ताई, ओठ हलवायला सांगू नका. मी हे एकदा केलं आहे आणि त्याचं काय झालं तेही पाहिलं आहे, म्हणून आधी ते सांगतो.

नोकरीचं चौथं वर्ष होतं. केंद्राच्या स्पर्धेसाठी समूहगीत बसवत होतो. तिसरीतल्या एका मुलीचा आवाज सगळ्यांच्या खाली घसरायचा. स्पर्धा दोन दिवसांवर आली तेव्हा मी तिला बाजूला घेऊन सांगितलं, ‘तू नुसते ओठ हलव, आवाज काढू नको.’ तिनं मान हलवली. आमचा नंबर आला, गावात कौतुक झालं. महिनाभरानं वर्गात सतराचा पाढा चालला होता, सगळा वर्ग एका आवाजात म्हणत होता. माझं लक्ष तिच्याकडं गेलं. तिचे ओठ हलत होते आणि आवाज येत नव्हता. कवितेलाही तसंच. मी ‘आता म्हण ना मोठ्यानं’ म्हणालो की ती मान खाली घालायची. पुढच्या वर्षी माझी बदली झाली, ती तशीच राहिली. त्यानंतरच्या २७ वर्षांत मी एकाही मुलाला गप्प राहायला सांगितलं नाही.

तुमच्या त्या दोघांचा कान बिघडलेला असण्याची शक्यता फार कमी आहे. बहुतेक वेळा अशा मुलाला गाण्याचा आवाज कुठून काढायचा हेच सापडलेलं नसतं. ते बोलण्याच्याच आवाजात गाणं म्हणतं. बोलण्याचा आवाज खाली असतो, गाण्याचा त्याच्या वर. तिथं चढायचा जिना त्याला कोणी दाखवलेला नसतो. त्यात शिकवणारा पुरुष असला तर आणखी घोटाळा. मी गातो त्याच्या एक सप्तक वर मुलांनी गायचं असतं. बरीच मुलं ते आपोआप करतात, पण काही माझ्याच जाड आवाजाला जाऊन भिडायला बघतात आणि घशात गुरगुरत राहतात. तुम्ही बाई आहात हा तुमच्या मुलांचा मोठाच फायदा आहे. तुमचा आवाज त्यांच्या आवाजाच्या जवळचा आहे, त्यांना तो पकडायला सोपा जातो. ‘मला गाणं येत नाही’ हे मनातून काढा. चार-पाच सुरांचं गाणं सरळ म्हणता आलं तरी पहिली ते चौथीला पुरे आहे.

आता तो जिना कसा दाखवायचा ते एका मुलावरून सांगतो. दुसरीतला पोरगा, घरी बकऱ्या. गाण्याच्या तासाला एकाच सुरावर घुं-घुं करायचा. मी विचारलं तर म्हणाला, ‘सर, मले गानं नाई येत.’ एका संध्याकाळी मी शाळेतून निघालो तर हा नाल्याच्या काठावर उभा. पलीकडच्या वावरातून त्याचा भाऊ बकऱ्या घेऊन येत होता. यानं हाक मारली, भावाचं नाव, दोन सुरांत, पहिला वर आणि दुसरा थोडा खाली. इतकी स्वच्छ, इतकी मोकळी हाक की मी सायकल थांबवली. दुसऱ्या दिवशी त्याला म्हटलं, काल मारली तशी हाक मार. आधी लाजला, मग मारली. पेटीवर शोधलं तर वरचा सूर काळी पाच, म्हणजे सप्तकातली पाचवी काळी पट्टी, आणि खालचा पांढरी पाच, दोन्ही मधल्या सप्तकात. म्हणजे हा पोरगा रोज संध्याकाळी वर्गातल्या कोणापेक्षाही वर गात होता, फक्त त्याला ते गाणं वाटत नव्हतं.

मग मी त्याला सूर दिला नाही, त्याचा घेतला. त्याच दोन सुरांत मी त्याचं नाव घेतलं, त्यानं त्याच दोन सुरांत ‘हजर’ म्हटलं. तंतोतंत. आठवडाभर तेवढंच. मग त्या दोन सुरांना खालून एक जोडला, मग आणखी एक. गाण्याची पहिली ओळ मी त्याच्या पट्टीत नेली आणि रोज अर्ध्या सुरानं खाली आणत वर्गाच्या पट्टीला आणून मिळवली. दोन महिने लागले. दिवाळीनंतर तो सगळ्यांबरोबर म्हणायला लागला.

ही दोन सुरांची उतरती हाक सगळ्या मुलांच्या गळ्यात असते. आईला हाक मारताना ऐका, लपाछपीत चिडवताना ऐका. सरगमात सांगायचं तर पंचमावरून शुद्ध गंधारावर. हंगेरीचे संगीतकार झोल्तान कोदाय (१८८२–१९६७) यांनी आपल्या देशातल्या शाळांसाठी जी पद्धत उभी केली तिची सुरुवात याच दोन सुरांपासून होते. वाद्याआधी गळा आणि बाहेरच्या गाण्यांआधी आपल्या मातीतली गाणी, हा त्यांचा आग्रह होता. मला हे फार उशिरा कळलं, पण आपल्या वावरातली पाखरं राखणारी पोरं पाहूनही ते कळण्यासारखं आहे.

म्हणून सुरुवात हजेरीपासून करा. रोज हजेरी गाऊन घ्या. तुम्ही नाव गा, मुलानं त्याच सुरात ‘हजर’ गायचं. ३१ मुलांना चार मिनिटं लागतात आणि ती वेळ तशीही हजेरीत जातेच. यात एक मोठी गोष्ट घडते, तुम्हाला प्रत्येक मूल एकेकटं ऐकू येतं. समूहात कोण कुठं आहे ते कधीच कळत नाही, तिथं दोन खणखणीत आवाज बाकीच्यांना झाकून टाकतात. पहिल्या दिवशी मुलं हसतील, हसू द्या. ज्याचं जुळलं नाही त्याला दुरुस्त करू नका, त्यानं जो सूर लावला त्यावर तुम्ही जा आणि त्याचं नाव पुन्हा घ्या. त्याला एकदा तरी ‘जुळलं’ असं वाटलं पाहिजे. जुळल्यावर कसं वाटतं हे मुलाला एकदा कळलं की ते पुढं स्वतःच शोधतं. एक वही करा, नावापुढं फक्त ‘जुळला’, ‘जवळ’, ‘दूर’ एवढंच लिहा. महिन्यानं मागं वळून पाहाल तेव्हा तुम्हालाच आश्चर्य वाटेल.

आता पट्टी, म्हणजे गाण्याचा सा कुठं धरायचा ते. शाळेत गाणं बिघडतं ते बहुतेक इथं. बायकांचा सा साधारण काळी चार-काळी पाचला असतो, खालच्या सप्तकातला. त्या पट्टीत तुम्ही सुरुवात केली की गाण्याच्या खालच्या ओळी मुलांना पोचत नाहीत आणि ती बोलण्याच्या आवाजात घसरतात. लहान मुलांचे स्वरतंतू आखूड असतात, त्यांचा सोयीचा पल्ला पेटीवर मधल्या सप्तकात पांढरी दोन ते पांढरी सहा एवढाच धरा. तिसरी-चौथीची मुलं त्याच्या वर तार सप्तकातल्या पांढरी एक-दोनपर्यंत मजेत जातात. म्हणून सा पांढरी दोनला ठेवा. तुम्हाला ते उंच वाटेल. हळू आवाजात म्हणा, जमतं. पेटी नसेल तर मोबाईलवर तंबोऱ्याचं ॲप घ्या, तीच पट्टी लावा आणि आवाज अगदी बारीक ठेवा.

राष्ट्रगीतावर हे लगेच तपासून बघा. आपल्याकडं ‘एक साथ राष्ट्रगीत शुरू कर’ अशी आज्ञा होते आणि त्या क्षणाला कोणाच्याच कानात सूर नसतो. जो मुलगा आधी तोंड उघडेल त्याची पट्टी. मग शेवटी पहिलं ‘जय हे’ येतं, सगळ्या गाण्यात सर्वांत वरचं, आणि तिथं निम्मी मुलं किंचाळतात, निम्मी खाली उतरतात. आज्ञेच्या आधी पाच सेकंद तुम्ही सा गुणगुणा, मुलांना तोंड मिटून ‘म्’ म्हणायला लावा, मग आज्ञा द्या. एवढ्यानं फरक पडतो. लयही पाहा. पूर्ण राष्ट्रगीत साधारण ५२ सेकंदांत व्हायला हवं. मी ज्या शाळांत गेलो तिथं ते एक तर सव्वा मिनिट रेंगाळायचं, नाही तर पाऊस येत असल्यासारखं पळायचं. राज्यगीताचं दुखणं वेगळं. २०२३ पासून ते परिपाठात आलं, आणि त्याचा बाज शाहिरी असल्यानं मुलं पहिल्या ओळीपासूनच घसा फोडतात. त्याचे कवी राजा बढे हे नागपूरचे, हे मात्र मुलांना जरूर सांगा. आपल्याकडचा माणूस म्हटलं की मुलं वेगळ्या नजरेनं बघतात.

ओरडण्याबद्दल कळकळीनं सांगतो. ‘जोरात म्हणा, ऐकू येत नाही!’ हे वाक्य शाळेतून हद्दपार करा. सतत ओरडून गाणाऱ्या मुलांचे आवाज बसतात, चिरकतात, काहींच्या स्वरतंतूंवर गाठी येतात. आणि ओरडणाऱ्या मुलाला शेजाऱ्याचा आवाज ऐकू येत नाही, मग ते सुरात येणार कसं? मी उलट सांगायचो: तुझ्या बाजूच्याचा आवाज तुला ऐकू आला पाहिजे एवढ्याच आवाजात म्हण. पहिल्या दिवशी गाणं पुटपुटल्यासारखं येतं. चार-पाच दिवसांत ते भरायला लागतं. साहेब भेटीला आले की आपल्याला मोठा आवाज हवासा वाटतो, हे मला माहीत आहे. तरी नको.

गाणी कोणती? इथं माझं मत ठाम आहे. आधी गावात असलेली. तुमच्या शाळेत येणाऱ्या मुलींना भुलाबाईची गाणी येत असतील, भाद्रपद पौर्णिमेपासून कोजागिरीपर्यंत घरोघर ती चालतात. ती तीन-चार सुरांत फिरतात, ओळ पुन्हा पुन्हा येते, मध्ये नाव बदलतं, शेवटी खिरापत ओळखायची. लहान मुलाच्या गळ्यासाठी कोणी मुद्दाम रचावीत अशी ती आहेत. मुलग्यांनाही म्हणू द्या, आमच्याकडं पहिल्या वर्षी मुलं लाजली, दुसऱ्या वर्षी खिरापत ओळखायला तीच पुढं. पोळ्याच्या झडत्या घ्या. तोरणाखाली एकानं म्हणायची आणि सगळ्यांनी ‘हर हर महादेव’नं उचलायची, यात एकट्यानं पुढं होण्याचा आणि समूहानं नेमक्या क्षणी येण्याचा सराव होतो. तान्ह्या पोळ्याला लाकडी नंदी घेऊन मुलं येतातच, तोच तास समजा. आजीकडून जात्यावरची एक ओवी आणा म्हटलं तर निम्म्या घरांत अजून मिळते. घाटंजीकडं कोलाम आदिवासींची वस्ती आहे, बंजाऱ्यांचे तांडे आहेत. तांड्यावरच्या मुलांना होळीच्या लेंगी येतात. त्या मुलांकडून शिका, तुम्ही स्वतः, सगळ्यांसमोर.

शिक्षकानं मुलांसमोर शिकणं काय करतं ते मी मेळघाटात पाहिलं. धारणीकडच्या शाळेत होतो. मुलांची भाषा कोरकू, जिचं मराठीशी काही नातं नाही, ती मुंडा कुळातली. पहिलीतली मुलं दोन महिने माझ्याशी बोलली नाहीत. मी मराठी बडबडगीतं म्हणायचो, ती बघत राहायची. एक दिवस म्हटलं, तुमचं एखादं शिकवा मला. चौथीतल्या एका मुलीनं कोरकूतली एक ओळ म्हटली, मी ती चुकीची म्हटली. सगळा वर्ग खदखदून हसला आणि चाळीस तोंडं एकदम मला दुरुस्त करायला लागली. तो पहिला दिवस, ज्या दिवशी त्या खोलीत मला सगळ्यांचा आवाज ऐकू आला. मराठी गाणी त्यानंतर आली, आणि सहज आली.

तालासाठी तबला लागत नाही. केहरवा आठ मात्रांचा, दादरा सहांचा, एवढे दोन पुरेत. बोल नंतर, आधी शब्द. ‘भाकर ठेचा, भाकर ठेचा’ म्हणत मैदानात चालायचं, एका अक्षराला एक पाऊल आणि ‘कर’ला मिळून एकच, की आठ मात्रा झाल्या. ‘पऱ्हाटी, पऱ्हाटी’ म्हटलं की दादरा. पाय पक्के झाले की मग धा गे ना ति न क धि न. मुलांची लय नेहमी पळते, आणि हातांनी टाळ्या वाजवून ती आणखी पळते. पावलांनी ती टिकते, कारण शरीराचं वजन उचलायला वेळ लागतो. म्हणून गाणं पळायला लागलं की बसवू नका, उभं करून चालवा.

वाद्यं जमवता येतात. शाळा आपल्याकडं जूनच्या शेवटी उघडते, तेव्हा उकिरड्याशेजारी आंब्याच्या कोयी उगवलेल्या असतात. कोय सोलून दगडावर घासली की पिपाणी होते, ही कला मुलांना शिकवावी लागत नाही. पाच जणांच्या पाच पिपाण्या घ्या आणि उंच कोणती, खाली कोणती ते कानानं लावायला सांगा. गुलमोहराच्या वाळलेल्या शेंगा म्हणजे खुळखुळे. सहा पेल्यांत कमी-जास्त पाणी घालून चमच्यानं वाजवा: पाणी वाढलं की सूर उतरतो. पण खरं वाद्य तुमच्या गावातच असेल. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांनी (१९०९–१९६८) खंजिरीवर भजन गावोगाव नेलं, आणि विदर्भातल्या कितीतरी खेड्यांत आजही गुरुदेव सेवा मंडळाचं भजन चालतं. तिथल्या एखाद्या म्हाताऱ्या बाबांना शाळेत बोलवा. त्यांना मानधन लागत नाही, खुर्ची आणि चहा लागतो, आणि मुलांनी ‘बाबा’ म्हणून नमस्कार केलेला लागतो. मुलांना बोटं बघू द्या, हातात खंजिरी घेऊ द्या. पावसाळ्यात कातडं सैल पडतं, तेव्हा शेगडीपासून हातभर लांब धरून शेकायचं. हे बाबाच दाखवतील, आणि मुलांना ते गाण्याइतकंच आवडेल.

पेटीचे मुके सूर बहुतेक धुळीनं अडलेले असतात. उन्हाळ्याच्या सुट्टीत पेटी बंद राहते, झुरळं शिरतात. वरची फळी उघडा, जी पितळी रीड वाजत नाही तिच्या जिभेखालून कडक, पातळ कागद हळूच फिरवा आणि फुंकर मारा. खरवडू नका, सूर कायमचा जाईल. वाजली तर उत्तम. नाही वाजली तरी त्यासाठी अडून राहू नका. पेटी फक्त सुरुवातीचा सूर द्यायला वापरा आणि मग भाता सोडून द्या. सतत पेटी वाजली की मुलं तिच्या मागं लपतात, आणि तुमचे दोन्ही हात अडकतात.

स्पीकरवर गाणं लावून नाच बसवणं, त्यालाच आपल्याकडं आता ‘सांस्कृतिक’ म्हणतात. त्यात मुलाचा गळा उघडतच नाही. एखादा नाच असू द्या, पालकांना हवा असतो. पण पंधरा दिवस तोच सराव चालला तर गाण्याचा महिना बुडाला असं समजा.

वेळेचं म्हणाल तर आठवड्यातून एक लांब तास घेऊ नका. रोज दहा मिनिटं घ्या, हजेरीला लागून. ऑक्टोबर ते डिसेंबर कापूस वेचणीत बरीच मुलं आईबापांबरोबर वावरात असतात, चार दिवस येतात, दोन दिवस नाही. त्या काळात नवीन लांब गाणं काढू नका. धृपद छोटं आणि कडवी एकेकट्यानं म्हणायची असं काहीतरी घ्या, म्हणजे परत आलेलं मूल धृपदाला लगेच सामील होतं. मार्च-एप्रिलच्या सकाळच्या शाळेत मुलांचे घसे कोरडे असतात, आधी पाणी पाजा, मग गा.

२६ जानेवारीचं. दोन गाणी घ्या, तीन नको. त्यातलं एक असं निवडा की ज्यात एकानं हाक द्यायची आणि बाकीच्यांनी उत्तर द्यायचं. त्या दोघांना पहिल्या रांगेत उभं करा, प्रत्येकाला दोन खात्रीच्या गाणाऱ्या मुलांच्या मधोमध, म्हणजे दोन्ही कानांत बरोबर सूर पडेल. मागच्या रांगेत उभं केलं की त्यांना समोरच्यांच्या पाठी ऐकू येतात, आवाज नाही. तेवढ्यातही ते घसरले तर घसरू द्या. मैदानात बसलेल्या आईला आपलं पोरगं गाताना दिसतं, ती सूर मोजत नाही.

तोपर्यंत दोन महिने हातात आहेत. सोमवारपासून हजेरी गाऊन घ्या, आणि त्या दोघांना सुट्टीत एकेकट्याला मैदानाच्या पलीकडच्या टोकाला उभं करून तुमच्या नावानं हाक मारायला सांगा. पेटीवर तो सूर शोधा. कोणती पट्टी निघाली ते मला कळवा, त्यांच्या गळ्याला बसेल असं गाणं मी सुचवतो.